नारळ असलेलं राज्य

ओमानमधल्या निम्म्या पुरुषांच्या डोक्यावर रत्नागिरीचे खेकडे चालतात, असं मी सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग हळूच घड्याळाकडे. पण गोष्ट खरी आहे. आता निम्म्या म्हणजे अगदी निम्म्या नसतील. माझी बायको इथल्या इंडियन शाळेत इंग्रजी शिकवते आणि घरी आल्यावर माझी वाक्यं तपासते. ती म्हणते, "अहो, हमरियाच्या दोन गल्ल्या म्हणा आणि थांबा." बरं, दोन गल्ल्या. त्या दोन गल्ल्यांतल्या डोक्यांवर जे खेकडे चालतात ते चाचांचे.

चाचा म्हणजे आमच्या दुकानाचे नक्षीवाले. दुकान मस्कत शहरातल्या हमरिया भागात, चहावाला आणि मोबाईल दुरुस्तीवाला यांच्या मधे असं काही चेपलेलं की एखादं जाडजूड गिऱ्हाईक आत आलं तर आमच्यापैकी एकाला बाहेर उभं राहावं लागतं. इथे आम्ही दिशदाशे शिवतो आणि कुम्मे करतो. दिशदाशा हा ओमानी पुरुषाचा पायघोळ झगा, बहुतेकांचा पांढराच. कुम्मा म्हणजे त्यांची गोल, उभी, नक्षीदार टोपी. झगे सारखेच, त्यामुळे माणसाची सगळी हौस टोपीवर. मोठा साहेब असो की मासेवाला, कुम्म्याच्या नक्षीत तडजोड नाही.

चाचा रत्नागिरीच्या खाडीकाठचे. ओहोटीला ओल्या वाळूवर खेकडे चालून जातात आणि मागे ठिपक्यांच्या वळणदार रांगा राहतात, त्या त्यांनी लहानपणी पाहिलेल्या. त्याच रांगा त्यांनी टोपीवर उतरवल्या. पहिल्या गिऱ्हाईकानं विचारलं, ही काय नक्षी? चाचा सरळ म्हणाले, "खेकडा." मी शेजारीच होतो. मी तोवर शिकलेल्या अरबीत भाषांतर करून सांगितलं की हे वाळवंटातले तारे आहेत. त्या आठवड्यात गिऱ्हाईकाचे सगळे चुलतभाऊ दुकानात हजर. पुढे चाचांनी नेच्याचं पान आणलं, मासेमारीच्या जाळ्याची वीण आणली, वाळत घातलेल्या बोंबलांची माळ आणली. बोंबलांची माळ एका बड्या गिऱ्हाईकाला इतकी पसंत पडली की त्यानं पोराच्या लग्नात सगळ्या वऱ्हाडाला तेच कुम्मे घातले. शेकडो माणसं डोक्यावर बोंबील घेऊन हारीनं उभी होती. वास तेवढा येत नव्हता.

मी या दुकानात आलो तेही चाचांमुळेच. गुहागरकडचा पोरगा, खिशात चिपळूणच्या क्लासचं कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट, अरबी शून्य आणि हिंदी येतं असा गैरसमज. चाचा अर्बाबला, म्हणजे आमच्या ओमानी मालकाला म्हणाले, "हा कॉम्प्युटरचा इंजिनियर हाय." सर्टिफिकेट टायपिंगचं होतं. चाचांनी उभ्या आयुष्यात मारलेली ती एकुलती एक थाप, आणि तिच्यावर माझा संसार उभा राहिला, बायको आली, दोन पोरं झाली. त्या थापेच्या पायाला हात लावून नमस्कार करायची सोय असती तर मी रोज केला असता.

मग दुकानात भरतकामाचं कॉम्प्युटरवालं मशीन आलं आणि इंजिनियर म्हणून सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मशीनबरोबर एका अमेरिकन कंपनीचं सॉफ्टवेअर होतं. चाचांनी कागदावर काढलेली नक्षी पडद्यावर गिरवायची, कुठला दोरा आधी, कुठला टाका नंतर ते सांगायचं, की मशीन तशी टोपी भरतं. नक्षी साठायची मात्र आमच्या कॉम्प्युटरात नाही. ती अमेरिकेत, कंपनीच्या कॉम्प्युटरात. म्हणजे हमरियात टोपी भरायची तर खेकड्यानं आधी अमेरिकेतून चालत यायचं.

सॉफ्टवेअर सुरू करताना त्यानं दुकानाचा पत्ता विचारला आणि तिथे आमची गाडी अडली. राज्य निवडा, असा एक रकाना होता आणि त्यात सगळी अमेरिकेचीच राज्यं. ओमान नाही, मस्कत नाही, काही नाही. रकाना मोकळा सोडला तर पुढचं पान उघडत नव्हतं. शेजारच्या रुवी भागातल्या मशीनविक्याला फोन केला. तो म्हणाला, "कुछ भी डाल दो भाई, सब ऐसेच करते."

आता काहीही म्हणजे काय? आमच्यात काहीही हा शब्द चालत नाही. पत्ता आहे, विचार करून दिला पाहिजे. दुकानात बैठक बसली. शिवणारा म्हणाला, पहिलं आहे तेच घाल. मी म्हणालो, न्यूयॉर्क घालू, ऐकायला बरं वाटतं. चाचांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मुद्द्याला हात घातला.

"बाला, यात नारळ कनच्या राज्यात होतात?"

मी शोधलं. म्हटलं, "हवाई म्हणून बेटं आहेत चाचा. समुद्रात. भरपूर नारळ."

"मासे?"

"समुद्रातच आहेत म्हटल्यावर."

"मग तेच घाल. उगाच बर्फात कशाला ऱ्हायचा?"

घातलं. पान उघडलं, खाली मैलभर इंग्रजी आलं, त्याच्याखाली 'मला मान्य आहे' हे बटण. ते दाबलं, मशीन घुर्र करून चालू झालं, आणि चहावाल्याकडून सगळ्यांना चहा आला. हमरियातलं आमचं दुकान त्या दिवसापासून हवाईत गेलं आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता.

चाचांची एक पद्धत होती. नक्षी पडद्यावर गिरवून झाली की मूळ कागद ते जपून ठेवत नसत. कागदाची गोल घडी करून ती पहिल्या टोपीच्या आत बसवत, म्हणजे टोपीचा आकार मोडत नाही, आणि टोपी तशीच गिऱ्हाईकाच्या हातात देत. मी एकदा म्हणालो, चाचा, एखादी प्रत ठेवा. ते म्हणाले, "कशाला? मशीनमधे हाय की." म्हणून त्यांच्या सगळ्या नक्ष्या दोनच ठिकाणी होत्या. एक ओमानच्या डोक्यांवर आणि दुसरं अमेरिकेत.

वर्षं गेली आणि चाचांचे डोळे थकले. ऑपरेशन झालं, चष्मा बदलला, पण बारीक ठिपका पहिल्यासारखा कागदावर उतरेना. त्यांनी कायमचं गावी जायचं ठरवलं. गावी त्यांची लेक होती. तिनं घराच्या पडवीत भरतकामाचं मशीन आणून ठेवलं होतं, आणि गावातल्या बायका शिकायला नावं देऊन बसल्या होत्या. चाचांनी नक्ष्या आणायच्या आणि बायकांनी ओढण्या-ब्लाऊज भरायचे, असा सगळा बेत. चाचा रोज फोनवर लेकीला सांगत, "खेकडा पयला शिकवू. सोपा हाय."

तेवढ्यात कंपनीची मेल आली. आमची कंपनी दुसऱ्या कंपनीनं विकत घेतली आहे, हे सॉफ्टवेअर महिनाअखेर बंद होईल, आपल्या सहकार्याबद्दल आभार. नक्ष्यांचं काय, याबद्दल अक्षर नाही. मी इंजिनियरच्या हुद्द्याला शोभेल असं उत्तर लिहिलं, बायकोनं ते दुरुस्त करून अर्धं केलं आणि पाठवलं. उत्तर आलं: अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांना त्यांच्या नक्ष्या परत मिळतील. देशाबाहेरच्यांना ती सोय करारात नाही.

"आपण कुठले?" चाचांनी विचारलं.

तो प्रश्न आणि चाचा, दोघांना घेऊन मी घरी गेलो.

बायकोनं तो मैलभर लांबीचा करार काढला आणि जेवणाच्या टेबलावर लाल पेन घेऊन बसली, पोरांचे निबंध तपासते तशी. मी आणि चाचा समोर, नापास होणार हे माहीत असलेल्या विद्यार्थ्यांसारखे. वाचून झाल्यावर तिनं पेनाचं टोपण लावलं.

"हे बघा. यात असं आहे की गिऱ्हाईकानं जे राज्य निवडलं, त्या राज्याचा कायदा या कराराला लागू."

"म्हणजे हवाई," मी म्हणालो.

"थांबा. पुढे असं आहे की वापर देशाबाहेर होत असेल तर कंपनीच्या आपल्या राज्याचा, म्हणजे व्हर्जिनियाचा."

"म्हणजे आपण व्हर्जिनियात?"

"तिथे गेलात तर थंडीनं मराल. आणि मला विचाराल तर मशीन इथे, चाचा इथे, टोप्या इथे, डोकी इथली. मग ओमानचा कायदा का नाही? त्याबद्दल यात एक शब्द नाही."

चाचांनी बोटांवर मोजलं. मग म्हणाले, "टीचरबाई, माणूस एक आणि राज्यं तीन. इतकी तर आमच्या खाडीला गावं नायत."

हवाईचे असलो तर नक्ष्या मिळणार. व्हर्जिनियाचे असलो तर नाही. ओमानचे असलो तर काय, ते कुणालाच माहीत नाही. चाचांची सगळी हयात या तीन राज्यांच्या मधे लटकत होती आणि महिनाअखेर जवळ येत चालली होती.

मी आधी साधा उपाय केला. नक्ष्या डोक्यांवर आहेत ना? मग डोक्यांचे फोटो काढू. शुक्रवारी नमाज सुटल्यावर मी मोबाईल घेऊन उभा राहिलो आणि आमच्या टोप्या दिसल्या की मागून टिपू लागलो. पहिली दोन-तीन डोकी नीट मिळाली. चौथं डोकं वळलं. ते पोलिसाचं होतं, सुट्टीवरच्या. त्याला मी सांगितलं की मी तुमचे तारे मोजतोय. सुदैवानं तो आमचंच गिऱ्हाईक निघाला आणि त्यानं हसून सोडलं, पण अर्बाबला पार दूरच्या इब्री गावापासून फोन आले की तुझा माणूस लोकांची टक्कलं टिपत हिंडतोय. फोटो मोठे करून बघितले तर टाक्यांचा नुसता काला. आणि टोपी समोर ठेवली तरी तिच्यावरून कुठला टाका आधी, कुठला नंतर ते परत जुळवायला चाचांचे जुने डोळे हवे होते.

अर्बाबनी मला बोलावलं. त्यांना हिंदी आमच्यापेक्षा बरं येतं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शुक्रवारी माझ्या इब्राच्या घरी या. भावाची मुलगी तिथे असेल. ती वकील आहे."

इब्राला अर्बाबच्या घरामागे खजुरीची बाग आहे. आम्ही चौघं तिथे गालिच्यावर बसलो: अर्बाब, त्यांची वकील पुतणी, चाचा आणि मी. मधे कहवा, म्हणजे इथली कॉफी, आणि खजूर. मेलला उत्तर देणाऱ्या कंपनीच्या बाईंबरोबर व्हिडिओ कॉल ठरला होता, आमची संध्याकाळ म्हणजे त्यांची सकाळ. मी घरून तयारीनं आलो होतो. रुवीत एका सेलमधून निळी-पिवळी फुलं असलेला शर्ट घेतला होता आणि कॅमेरा असा लावला होता की मागे खजुरीचे शेंडे दिसावेत. लांबून खजूर काय आणि नारळ काय.

वकीलबाईंनी माझ्या शर्टाकडे बघितलं. "हे काय आहे?"

"हवाईचा पोशाख," मी म्हणालो. "आपण तिथेच आहोत असं म्हणू. कागदावर तसंच आहे. खोटं कुठे बोलतोय?"

"तुम्ही बोलू नका," त्या म्हणाल्या. "शर्ट राहू दे."

कॉल लागला. कंपनीच्या बाई पडद्यावर आल्या, समोरचं वाचून बोलत होत्या, सूर दाराशी आलेल्या विक्रेत्याशी आपण बोलतो तसा. पहिलं वाक्य संपायच्या आत अर्बाब पुढे झाले. इथली एक रीत आहे. कुणी भेटलं की आधी खबर विचारायची. तब्येत, घरचे, वडील, पाऊस, वाट कशी होती. खबर काय, असं विचारलं की आधी म्हणायचं, खबर काही नाही, सगळं छान. आणि मग खरी खबर निघते. ती निघाल्याशिवाय कामाची गोष्ट करणं म्हणजे असभ्यपणा, आणि अर्बाब अमेरिकेपायी असभ्य होणार नव्हते. त्यांनी पुतणीकडून सगळं इंग्रजीत विचारून घेतलं. तुमची तब्येत? आई? वडील? गावात पाऊस कसा?

बाई आधी गोंधळल्या. मग म्हणाल्या, सगळं ठीक. पाठोपाठ म्हणाल्या, खरं तर वडील दवाखान्यात आहेत, गुडघा बदलला काल. अर्बाबनी गुडघ्याची संपूर्ण चौकशी केली. त्यांचाही बदललेला आहे, त्यांनी झगा वर करून कॅमेऱ्याला दाखवला. बाईंनी हातातला कागद खाली ठेवला. मी त्या दिवशी जे पाहिलं ते सांगतो: कागद खाली ठेवल्यावर त्यांचा चेहरा दिसला, आणि तो बायकोच्या शाळेतल्या कुठल्याही दमलेल्या बाईंचा असतो तसाच होता.

मग कामाची गोष्ट निघाली. बाईंनी विचारलं, "नोंदीत हवाई दिसतंय. आपण हवाईहून बोलताय का?"

मी शर्ट सारखा केला आणि तोंड उघडलं. तेवढ्यात चाचा आपल्या इंग्रजीत म्हणाले, "नो मॅडम. नो हवाई. हमरिया."

माझ्या हातातला खजूर तसाच राहिला.

"मग हवाई का निवडलंत?"

"कोकोनट," चाचा म्हणाले.

बाईंना वाटलं आवाज तुटला. त्यांनी पुन्हा विचारलं. चाचांनी पुन्हा तेच सांगितलं, आणि मग मला म्हणाले, "बाला, समजव तिला नीट." मी समजवलं. रकान्यात आमचं राज्यच नव्हतं, पत्ता तर द्यायचा होता, मग निदान राहण्यासारखी जागा बघून दिला. ह्या गृहस्थांच्या गावी नारळ आहेत, मासे आहेत, बर्फाची सवय नाही. मी सांगत होतो तसतसा बाईंचा आवाज बंद झाला. पडद्यावर त्यांचे खांदे हलताना दिसत होते. आवाज परत आला तेव्हा त्यांनी डोळे पुसले होते.

"इतकी वर्षं नोकरी करतेय," त्या म्हणाल्या, "तो रकाना विचार करून भरलेला माणूस आज पहिल्यांदा भेटला."

पण मग त्यांचा चेहरा पडला. म्हणाल्या, "तुम्ही खरं सांगितलंत, पण आता मला हा वापर देशाबाहेरचा धरावा लागेल. त्याला आमच्या राज्याचा नियम. त्यात प्रत द्यायची सोय नाही. मला वाईट वाटतंय."

 मी चाचांकडे रागानं बघितलं. ते खजुराची बी ताटलीत ठेवत होते, फार काळजीपूर्वक, जणू तीही नक्षीतला ठिपका आहे. मला हलकेच म्हणाले, "खोट्यानं नेला तर लेकीला काय सांगू, खेकडा कुठनं आणला?"

आता वकीलबाई पुढे सरकल्या. इतका वेळ त्यांनी फक्त काकांचे प्रश्न इंग्रजीत केले होते. त्यांनी शांतपणे म्हटलं, "करार हवाईच्या कायद्यानं चालतो, व्हर्जिनियाच्या की आमच्या, यावर आपण वर्षभर भांडू शकतो. मला ते भांडण आवडेलसुद्धा. पण तो प्रश्न सॉफ्टवेअर वापरण्याच्या कराराचा आहे. मी वेगळं विचारतेय. ही चित्रं कुणाची?"

"म्हणजे?"

"गिऱ्हाईकानं आपली चित्रं तुम्हाला देऊन टाकली, असं ज्या ओळीत लिहिलंय ती ओळ मला दाखवा. कुठल्याही राज्यातली चालेल."

बाईंनी करार उघडला. आम्हाला त्यांचं शोधणं दिसत होतं, डोळे वरून खाली, पुन्हा वर. शेवटी म्हणाल्या, "अशी ओळ नाही. उलट इथे आहे की चित्रं गिऱ्हाईकाचीच राहतात."

"मग ज्याची वस्तू त्याला परत देताना राज्य कशाला विचारायचं?"

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. "तर्क मला पटतोय. मी आमच्या वकिलांना विचारते. पण एक गोष्ट. नोंदीत गिऱ्हाईक म्हणजे दुकान. दुकानाचे मालक कोण?"

आम्ही सगळ्यांनी अर्बाबकडे बघितलं.

वकीलबाई काकांशी अरबीत बोलल्या, माझ्या कामचलाऊ अरबीला कळेल इतक्या सावकाश. त्या म्हणाल्या, "काका, हे तुम्हाला माहीत असायला हवं. हे तुमच्याकडे पगारावर होते. मशीन तुमचं, दुकान तुमचं. आपल्या कायद्यानं कदाचित ही सगळी चित्रं तुमची ठरतील. नीट विचार करून बोला."

खरं सांगतो, हा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. अमेरिकेशी भांडता भांडता आम्ही चाचांच्या नक्ष्या आमच्याच मालकाच्या अंगणात आणून टाकल्या होत्या. आणि त्या नक्ष्यांवर तर दुकान चालत होतं. चाचा गेले आणि नक्ष्या राहिल्या, तर अर्बाबला चांगलंच होतं.

अर्बाबनी कहव्याचा घोट घेतला. पेला दोनदा हलवला, म्हणजे आता पुरे. मग डोक्यावरचा कुम्मा काढला. आतून बघितला, बाहेरून बघितला. त्यावर बोंबलांची माळ होती. इतकी वर्षं मी त्यांना सांगत आलो होतो की ती खजुरीच्या पानांची रांग आहे.

"ही टोपी माझी आहे," ते चाचांना हिंदीत म्हणाले. "मी पैसे देऊन माझ्याच दुकानातून घेतली. यातली मछली तुझी."

मी दचकलो. "अर्बाब, मछली?"

"रफीक," ते म्हणाले, इथे मित्राला तसंच म्हणतात, "मी मत्रहच्या मासळीबाजारात वाढलो. मला वाळत घातलेली मछली कळत नाही?" मग पुतणीकडे वळून म्हणाले, "कुठे सही करू? आणि लिही की दुकानालाही या नक्ष्या वापरू द्याव्यात, चाचाची परवानगी असेल तर."

चाचांना हे मराठीत सांगायची गरज नव्हती, पण मी सांगितलं, कारण माझाच आवाज मला ऐकायचा होता.  चाचांनी अर्बाबच्या हातातली टोपी घेतली, तिला एक सुटा दोरा होता तो दातानं तोडला, आणि परत दिली.

वकीलबाईंनी काही घेतलं नाही. मी फार आग्रह केला तेव्हा म्हणाल्या, "तो शर्ट द्या. ऑफिसात लावीन." दिला. परतीच्या सगळ्या वाटेवर मी बनियनवर होतो, आणि चाचा गाडीत मला म्हणत होते की हवाईत असंच हिंडतात, लाजू नको.

मग वाट बघणं आलं. महिना संपत आला. मशीन अजून चालू होतं, आणि आम्ही रोज एखादा कुम्मा उगाच भरायचो, नक्षी जिवंत आहे ना ते बघायला. चाचांनी विमानाचं तिकीट काढलं. लेकीला फोनवर खेकड्याचं काही सांगेनासे झाले. ती विचारायची, ते म्हणायचे, "बगू."

शेवटच्या आठवड्यात मेल आली. बायको शाळेतून थेट दुकानात आली, गल्लीत उभं राहूनच वाचून दाखवली, कारण आत एक जाडं गिऱ्हाईक होतं. कंपनीच्या वकिलांनी लिहिलं होतं की या कराराला कुठल्या राज्याचा कायदा लागू होतो, याबद्दल आम्ही काहीही मान्य करत नाही, तो प्रश्न आणि आमचे सर्व हक्क राखून ठेवतो, आणि मालकांच्या सहीनुसार सर्व नक्ष्या सोबत पाठवत आहोत, कुठल्याही मशीनला चालतील अशा रूपात. खाली त्या बाईंनी स्वतः एक ओळ जोडली होती. वडील काठी घेऊन चालू लागले आहेत, तुमच्या मालकांना सांगा.

"म्हणजे आपण कनच्या राज्यातले, ते ठरला नाय?" चाचांनी विचारलं.

"नाही ठरलं," बायको म्हणाली. "आणि त्यांनी लिहून दिलंय की ते ठरवणार नाहीत."

"मग ऱ्हावू दे."

नक्ष्या मी पडद्यावर एकेक उघडल्या. नेचं आलं, जाळं आलं, बोंबील आले. खेकडा आला तेव्हा चाचा खुर्ची ओढून इतके जवळ गेले की चष्मा पडद्याला टेकला. ठिपक्यांच्या रांगेवरून बोट फिरवत गेले, एका जागी थांबले. "हितं माझा एक ठिपका चुकलाय. इतक्या टोप्या भरल्या, कुणी बोललं नाय." मी म्हणालो, दुरुस्त करू. ते म्हणाले, "नको. खेकडा कधी सरळ चालला?"

चाचा गेले. विमानतळावर अर्बाब स्वतः गाडी घेऊन आले होते. दुकानात आता एक नवा मुलगा नक्षी गिरवतो, चाचांच्या परवानगीनं. मी गिऱ्हाइकांना खेकडा आहे असंच सांगतो. विक्रीत काडीचा फरक पडलेला नाही, उलट एक जण लहान खेकडा आहे का म्हणून विचारून गेला. परवा गावाहून पार्सल आलं. बायकोसाठी ब्लाऊज, दोन्ही बाह्यांवर ठिपक्यांच्या रांगा. डाव्या बाहीवर एक ठिपका चुकलेला, अगदी त्याच जागी. पडवीतल्या बायकांनी जसाच्या तसा भरला होता.

त्याच आठवड्यात दुकानात नवं सॉफ्टवेअर बसलं. या वेळी देशांच्या यादीत ओमान होतं. पण खाली पुन्हा एक रकाना: प्रांत निवडा. मी चाचांना फोन लावला, आभार मानायला, आणि सहज म्हटलं, "चाचा, ओमानमध्ये नारळ सलालाकडे होतात. घालू का?"

पलीकडे मशीनची घरघर आणि बायकांचं हसणं ऐकू येत होतं. चाचांनी कुणाला तरी दोरा बदलायला सांगितलं.

"नको रं बाला. मस्कत घाल. गल्ली पण घाल. दोन दुकानांच्या मधे म्हणून लिव."

लिहिलं. खाली मैलभर इंग्रजी आलं आणि त्याच्याखाली ते बटण. मी बोट आवरलं आणि बायकोची शाळा सुटायची वाट बघितली. ती आली, स्टुलावर बसली, लाल पेन काढून शेवटपर्यंत वाचत गेली.

"कुठला कायदा?" मी विचारलं.

"रुवीच्या विक्रेत्याशी करार आहे. ओमानचा."

"आणि नक्ष्या?"

तिनं ती ओळ पुन्हा एकदा वाचली, बोट ठेवून. मग पेनाला टोपण लावलं.

"आपल्याच. दाबा."